धार कुठल्या बाजूला आहे?

बटरफ्लाय नाईफ तुम्ही पाहिलेला आहे. नाव माहीत नसेल कदाचित, पण पाहिलाय नक्की. सिनेमात व्हिलनचा माणूस भिंतीला टेकून उभा असतो, हातात काहीतरी चकचकीत फिरत असतं, 'खट्, खट्, खटाक' असा आवाज येतो आणि दोन मुठींच्या मधून पातं बाहेर. आमच्या पिढीला तो भेटला काउंटर-स्ट्राइकमध्ये. २०१४ साली गेममध्ये हा चाकू आला आणि हॉस्टेलवरची निम्मी पोरं गोळ्या झाडायचं सोडून नुसता चाकू फिरवत बसायला लागली. टीम हरतेय, हा आपला कोपऱ्यात उभा राहून खटाक खटाक!

तर मंडळी, गेले चार महिने शनिवार-रविवारी मी हा चाकू फिरवायला शिकतोय. घाबरू नका, खरा नव्हे. 'ट्रेनर' म्हणून मिळतो तो. वजन आणि रचना खऱ्यासारखीच, पण पात्याला धार नाही, टोक गोल आणि मध्ये भोकं पाडलेली. साडेसहाशे रुपयांना आला. एका वीकेंडच्या पिझ्झाएवढा खर्च.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. एक पातं, दोन मुठी. दोन्ही मुठी पात्याच्या बुडाशी वेगवेगळ्या पिनांवर फिरतात. बंद केला की दोन्ही मुठी पात्याला दोन्ही बाजूंनी झाकून टाकतात, शेवटी एक छोटी कडी लावायची, झालं. स्प्रिंग नाही, बटण नाही. जे काही होतं ते मनगटाच्या झटक्याने. म्हणूनच तो फिरवायला मजा येते, आणि म्हणूनच बोटं कापतात.

मूळचा हा फिलिपिन्सचा. तिथे त्याला बालिसोंग म्हणतात. लुझॉन बेटावरच्या बातांगास प्रांतात ताल नावाचं गाव आहे (ज्वालामुखीवालं ताल, तेच), त्यातल्या बालिसोंग नावाच्या वस्तीत हे चाकू पिढ्यान् पिढ्या बनतात. त्याचं दुसरं नाव 'बेंते नुएवे', म्हणजे एकोणतीस. उघडल्यावर तो २९ सेंटीमीटर भरतो म्हणून हे नाव पडलं असं तिकडे सांगतात. तिकडचे लोहार गाडीच्या कमानपाट्याचं पोलाद पात्यांसाठी वापरतात. हे वाचून मला फार आपलंसं वाटलं, कारण आमच्या गावचा लोहारही ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून कोयते काढतो. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेत या चाकूची हवा झाली. बेंचमेड या अमेरिकन कंपनीच्या चिन्हात आजही फुलपाखरू आहे, कारण तिची सुरुवातच या चाकूंपासून झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. दोन मुठी दिसायला जुळ्या बहिणी, पण स्वभाव वेगळे. चाकू बंद असताना पात्याची पाठ एका मुठीत बसते आणि धार दुसऱ्या मुठीत. पाठ जिच्यात बसते ती 'सेफ हँडल', धार जिच्यात बसते ती 'बाइट हँडल'. सेफ हँडल हातात असेल तर झटका दिल्यावर पातं गोल फिरून बोटांच्या मागच्या बाजूला पाठीने टेकतं. टक् करून लागतं, बस्स. बाइट हँडल हातात असेल तर तेच पातं, त्याच वेगाने, त्याच जागी धारेने येतं.

नवशिक्यासाठी सगळं शास्त्र या एका ओळीत आहे: तुझ्या हातात कुठली मूठ आहे?

बऱ्याच चाकूंमध्ये कडी बाइट हँडलला असते, त्यामुळे 'कडी नसलेली मूठ धरा' असं शिकवतात. पण काहींमध्ये कडी उलट्या मुठीला असते आणि काहींना नसतेच. म्हणून कडीवर विसंबू नये. चाकू हळूच अर्धा उघडून पात्याची धार कुठल्या मुठीत जाते ते डोळ्यांनी बघावं, आणि त्या मुठीला चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा. बोटाला चिकटपट्टी लागली की डोळे मिटलेले असले तरी कळतं.

हे सगळं मला इंटरनेटवर सापडलं असतंच. खरं शिकलो ते मात्र घरात, बाबांकडून.

आमचे बाबा भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये टूलरूमला फिटर होते. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची शेवटची पेरं नाहीत. २००३ साली गेली, मी तेव्हा सहा वर्षांचा. घरात या विषयावर कधी बोलणं झालं नाही. 'प्रेसवर लागलं' एवढंच आम्हाला माहीत. ताईच्या लग्नाचा अल्बम बघाल तर बाबांचा उजवा हात एकाही फोटोत नीट दिसत नाही. कधी शेल्याखाली, कधी पाठीमागे, कधी कोणाच्या तरी खांद्याआड. त्यांनी ते इतकं सहज केलंय की अल्बम तीनदा बघितल्यावर माझ्या लक्षात आलं.

तर एका रविवारी सकाळी मी हॉलमध्ये खटाक खटाक करत होतो. आईने स्वयंपाकघरातून "काय रे ते दळण लावलंयस?" असं विचारून झालं होतं. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता त्यांनी विचारलं,

"याची धार कुठल्या बाजूला असते?"

"धार नाहीये बाबा, बोथट आहे."

"ते दिसतंय. असती तर कुठल्या बाजूला असती?"

माझ्या ट्रेनरचं पातं दोन्ही बाजूंनी सारखं आहे. म्हणजे या प्रश्नाला त्या पात्यापुरतं उत्तरच नव्हतं. (विकत घेणाऱ्यांनो, लक्षात ठेवा: ज्याच्या पात्याची धार आणि पाठ वेगळी ओळखू येते असा ट्रेनर घ्या.) बाबांनी चाकू मागून घेतला, उघडला, मिटला, पिना बोटाने हलवून बघितल्या आणि म्हणाले, "मग तू शिकतोयस काय? धार नाही म्हणून लागत नाही, हे काही शिकणं नव्हे."

मग ते उठले आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून एक चेपलेली ट्यूब घेऊन आले. प्रशियन ब्लू. मेकॅनिकलवाल्यांना माहीत असेल. फिटर लोक हा तेलकट निळा रंग सरफेस प्लेटवर पातळ लावतात आणि त्यावर जॉब घासतात. जिथे उंचवटा असेल तिथे निळं लागतं, मग तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं. डोळ्याला न दिसणारी चूक रंगाने दाखवायची, अशी ही युक्ती. बाबांनी पात्याची एक कड निवडली, तिला निळा लावला आणि म्हणाले, "ही धार. आता फिरव. अर्ध्या तासाने हात दाखव."

अर्ध्या तासाने माझ्या बोटांवर अकरा निळ्या रेघा होत्या.

अकरा. त्यातली एक अंगठ्याच्या मुळाशी, जिथे कापलं तर टाके पडतात आणि आठवडाभर कीबोर्ड विसरायचा. चार रेघा कधी लागल्या ते मला कळलंसुद्धा नव्हतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले टेस्ट एन्व्हायर्नमेंट, लॉग वगैरे शब्द दिवसभर तोंडात घोळवतो. इथे बाबांनी ट्यूबभर रंगात दोन्ही करून दाखवलं. ट्रेनर म्हणजे टेस्ट एन्व्हायर्नमेंट, पण लॉग नसेल तर तिथे काय बिघडलं ते कळणार कसं?

(प्रशियन ब्लू हातावरून सहज निघत नाही. खोबरेल तेल चोळूनही सोमवारी बोटं निळीच. ऑफिसात तिघांनी विचारलं, "कुठे होतं रे मतदान?")

त्यानंतर रविवारची सकाळ ठरून गेली. बाबांनी मुठींची नावंही बदलून टाकली. एक 'शहाणी', एक 'चावरी'. आणि हळूहळू नियम तयार झाले. तुमच्यापैकी कोणी शिकणार असेल तर उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

पहिला नियम, जागा. फरशीवर उभं राहून नाही, पलंगासमोर किंवा जाड सतरंजीवर. पायात बूट. घरात लहान मूल किंवा मांजर फिरत असेल तर दार लावून. बोथट असला तरी लोखंडच आहे ते, डोळ्याला लागलं तर धार आहे की नाही हे कोणी विचारत नाही. त्यामुळे चेहऱ्याजवळ फिरवायचा नाही, कोपर कमरेला आणि चाकू पोटाच्या उंचीवर पण अंगापासून लांब.

दुसरा, हळू. साधी उघड म्हणजे काय, तर शहाणी मूठ धरायची, कडी सोडायची, एक झटका द्यायचा; पातं पाठीने बोटांच्या मागे टेकतं. मग हातातली मूठ अर्धा वळसा फिरवायची, दुसरा झटका, आणि चावरी मूठ येऊन शहाणीला मिळते. हे आधी दुसऱ्या हाताने धरून, स्लो मोशनमध्ये, वीस वेळा करायचं. वेग आपोआप येतो. पुढच्या कसरतींमध्ये हातातली मूठ बदलते, आणि गोंधळ होतो तो नेमका तिथेच. म्हणून मूठ बदलली की थांबायचं, तोंडाने म्हणायचं 'चावरी', मग पुढे. शेजारी ऐकतात, ऐकू देत.

तिसरा, स्क्रू. झटक्यांनी पिनांचे स्क्रू ढिले होतात. बसण्यापूर्वी दोन्ही मुठी हलवून बघायच्या. ढिले असतील तर आवळायचे आणि आट्यांवर सुटणारं थ्रेडलॉकर लावायचं, निळंच मिळतं तेही. एखादी मूठ हवेत सुटून गेली तर बाकी सगळे नियम फुकट.

चौथा, वीस मिनिटं. त्यानंतर मनगट थकतं आणि बोटं आपल्या मनाने वागायला लागतात.

आणि पाचवा, सगळ्यात महत्त्वाचा: पडणारा चाकू पकडायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण लहानपणापासून हातातून वस्तू निसटली की झडप घालायची सवय आपल्या हाताला असते. मोबाइल, चहाचा कप, काहीही. मी बाबांना म्हटलं, "लक्षात ठेवीन." ते म्हणाले, "लक्षात ठेवून होत नाही ते. हाताला दुसरं काम दे."

मग त्यांनी मला चाकू मुद्दाम पाडायला लावला. सोडायचा, त्याच क्षणी दोन्ही हात छातीशी आणि एक पाऊल मागे. पन्नास वेळा. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले. पण तीन आठवड्यांनी ऑफिसच्या कँटीनमध्ये माझ्या हातून काटा निसटला आणि माझे दोन्ही हात छातीशी! समोरचीला वाटलं मी नमस्कार करतोय.

'हाताला दुसरं काम दे' हे वाक्य कुठून आलं ते मी त्या दिवशी विचारलं. बावीस-तेवीस वर्षांत पहिल्यांदा. आणि बाबांनी सांगितलं, अगदी पावसापाण्याचं सांगावं तसं.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा पंच खाली येतो. का? तर दोन्ही हात बटणांवर असतील तर डायमध्ये हात असूच शकत नाही. 'सावध राहा' असं तिथे कोणी सांगत नाही, मशीनच तुमच्या हातांना काम देऊन ठेवतं. पण दोन्ही हात बटणांवर गेले की जॉब भरायला वेळ जातो. म्हणून त्या रात्रपाळीला कोणीतरी एक बटण तारेने बांधून कायमचं दाबून ठेवलं होतं. माल जास्त निघतो ना. बाबा टूलरूममधून डायची ट्रायल घ्यायला गेले, अडकलेला जॉब काढायला हात आत घातला, आणि पलीकडच्या हेल्परने, त्याला दिसलंच नाही, एक बटण दाबलं.

धोकादायक यंत्राला आडोसा हवा, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ मध्ये लिहिलेलं होतं. कायदा होता, बटणंही होती. वीतभर तारेने दोन्ही बाजूला सारलं.

"त्या पोराचं काय झालं?" मी विचारलं.

"एकोणीस वर्षांचा होता. माझ्यापेक्षा तोच जास्त रडला," बाबा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तार काढली त्यांनी."

यावर मी काय बोलणार? चहा गार झाला होता, तो प्यायलो.

पण तेव्हापासून मला घरभर ती दोन बटणं दिसायला लागली आहेत. आई भाजी चिरून झाल्या झाल्या विळी आडवी करते. आजी चाकू कधी हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, "हातात दिला की भांडणं होतात" म्हणायची. भांडणांचं माहीत नाही, पण बोटं नक्की वाचली असणार. यात कुठेही 'जपून हं' नाही. जपणं संपतं, रात्री तीन वाजता सगळ्यांचंच संपतं. ठरवून दिलेली जागा आणि हाताला लावलेली सवय तेव्हाही शिल्लक असते.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण कमेंटमध्ये कोणीतरी विचारेलच. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आणि नियम २०१६ चे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे, घरगुती किंवा शेतीकामाचे नसलेले चाकू त्यात शस्त्र म्हणून येतात. म्हणून त्याहून लहान चाकू खिशात घालून एफसी रोडवर हिंडावं असं नाही. सणासुदीला आणि निवडणुकांच्या वेळी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यात चाकू बाळगणं आलंच. खुद्द फिलिपिन्समध्ये १९७८ चा कायदा आहे, कारणाशिवाय घराबाहेर बाळगता येत नाही. जर्मनीत २००३ पासून बंदी आहे. ब्रिटनमध्ये विक्री १९८८ च्या कायद्याने बंद आणि २०२१ पासून धारेचा चाकू स्वतःच्या घरात ठेवणंही गुन्हा. तेव्हा ऑनसाइटला जाणाऱ्यांनी बॅगेत बोथटसुद्धा टाकू नये. इमिग्रेशनच्या रांगेत 'हा ट्रेनर आहे' हे समजावून सांगण्याइतकं इंग्रजी कोणाचंच चांगलं नसतं.

धारेचा चाकू घेणार का, असं मित्र विचारतात. मला गरज वाटत नाही. भाजी चिरायला त्याचा उपयोग नाही, आणि कोणाला दाखवायला म्हणून धार हवी असेल तर ती इच्छा जरा तपासून बघावी. मला मजा येते ती आवाजाची आणि हाताला हळूहळू समजत जाण्याची. आठ तास कीबोर्डवर तेच ते करणाऱ्या बोटांना शनिवारी काहीतरी नवं सुचतं, एवढं पुरे आहे.

आणि एक झालंय. बाबाही फिरवतात आता. पहिली दोन बोटं आखूड, म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढलीय; अंगठा आणि शेवटच्या दोन बोटांत शहाणी मूठ धरतात. झटका माझ्यासारखा नाही, सावकाश, दाराची कडी काढल्यासारखा. मागच्या महिन्यात ताई आली होती, तिने व्हिडिओ काढायला मोबाइल समोर धरला. मी बघत होतो, आता हात मागे जाईल. गेला नाही. उलट म्हणाले, "इकडून काढ, इकडून धार दिसते."

तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर आहे. बावीस सेकंदांचा. सगळा वेळ उजवा हात, मधोमध.

परवाच्या रविवारी माझ्या बोटांवर दोन रेघा निघाल्या. बाबांच्या बोटांवर एकही नाही.